सावेकाकांची फिरंग

१

खंडेनवमीच्या सकाळी वसईजवळच्या वटार गावच्या भालचंद्र सावे यांनी पूजेसाठी म्यानातून तलवार ओढली, हातात एकदा तोलली आणि पाटावर ठेवायचं सोडून अंगणात भिरकावून दिली.

"ही माझी नाही," ते म्हणाले. "पातं कुणीतरी बदललंय."

हळदकुंकवाचं ताट तसंच राहिलं. वेगळा राहणारा, सणापुरता आलेला मुलगा धवल धावत जाऊन तलवार उचलून घेऊन आला. उलटीसुलटी करून पाहिली. तीच मूठ, तेच म्यान, तेच लांब सरळ पातं.

"बाबा, तीच आहे."

"नाही म्हणतो ना!"

आता सावेकाकांचं म्हणणं कुणी मनावर घेत नसे. दोनेक वर्षांपासून त्यांची आठवण पातळ होत चालली होती. चहा पिऊन झाला की पुन्हा चहा मागत, वाडीत पाण्याचा पंप चालू करून विसरून जात, नातीला बहिणीच्या नावानं हाक मारत. हेही तसलंच काहीतरी, उद्या विसरतील, असं सगळ्यांना वाटलं. पण दसरा गेला, कोजागिरी गेली, तरी काका हे विसरेनात. रिकामं म्यान मांडीवर घेऊन ओट्यावर बसायचे. जेवायला बोलावलं की म्हणायचे, "आधी चोर धरा."

शेवटी धवलनं कुणाकडून तरी नंबर मिळवून हेमांगी कारखानीसांना फोन केला.

हेमांगीताईंची सारी नोकरी मुंबईतल्या एका संग्रहालयात, शस्त्रांच्या दालनात गेलेली. निवृत्तीनंतर त्या आचोळ्यातल्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहत. लिफ्ट बहुतेक बंदच असे आणि गुडघे त्याहून वाईट. फोनवर मात्र गर्दी असे, कारण जो तो आपल्या घरातल्या तलवारीचा फोटो पाठवून तिचं वय विचारी. बाजारातलं पितळ बघूनबघून ताईंचे डोळे दमले होते. चिमाजी अप्पांच्या लढाईतली तलवार नाही असं वसईतलं घर त्यांना अजून भेटायचं होतं.

"मॅडम, तुम्ही फक्त येऊन सांगायचं की तलवार तीच आहे," धवल म्हणाला. "तुमचं त्यांना पटेल."

"आणि तीच नसली तर?"

"तीच आहे हो. त्यांचं डोकं ठिकाणावर नाही. आम्ही सगळे थकलोय मॅडम."

ताई नाहीच म्हणणार होत्या. पण त्या शेवटच्या वाक्यातला आवाज त्यांच्या ओळखीचा होता. आईच्या आजारपणात त्यांचा स्वतःचा आवाज अस्साच झाला होता.

"उद्या दुपारी येते," त्या म्हणाल्या.

२

रिक्षा केळीच्या बागांमधून वळत सावेंच्या अंगणात थांबली. काका ओट्यावरच होते. उंच, रुंद हाडाचे, मनगटं अजून जाडजूड.

"तुम्ही पोलीस?"

"नाही. मी तलवारींची बाई."

काका एकदम हसले आणि उठून त्यांना माजघरात घेऊन गेले. भिंतीवर हत्यारं टांगलेली होती. नातीचं नाव विसरणारा माणूस तिथे उभा राहून घडाघडा बोलू लागला.

"ही साधी तलवार, पातं वाकडं, मुठीच्या डोक्यावर थाळी. ओढून कापायची. तो वर खांडा. सरळ, आणि टोकाकडे रुंद होत जातो. त्याचा घाव वजनाचा. इथं पट्टा होता, कोपरापर्यंत हात आत जातो तो. आमच्या कुशलकडे असेल, तो शिकवतो पोरांना. आणि ही फिरंग. पातं समुद्रापलीकडचं, मूठ आपली. पोर्तुगीजांच्या गलबतांतून पाती यायची, आमचे लोक त्यांच्यावर आपल्या मुठी चढवायचे."

"चिमाजी अप्पांच्या लढाईतली का?" ताईंनी सवयीनं विचारलं.

"कुणास ठाऊक. आजोबांना विहीर उपसताना गाळात सापडली."

ताईंना तो माणूस तिथेच आवडला.

आधी त्यांनी वाकडी तलवार उतरवली. ती म्यानातून तसूभरही हलेना.

"गंजली असेल," दारातून काकांची बायको चंद्रकांता म्हणाली. लांब बाह्यांचं पोलकं घातलेली, डोळ्यांखाली काळी वर्तुळं.

मग फिरंग. मूठ अस्सल होती, तिच्यावरचं चांदीचं काम हातांनी झिजलेलं. पातंही पहिल्या नजरेला जुनंच दिसत होतं, रंग तपकिरी, मधून उभ्या खाचा. ताईंनी धारेवरून अंगठा फिरवला. धार नव्हती. बोथट झालेली धार वेगळी. इथे धार कधी काढलेलीच नव्हती. टोकही शाळेतल्या कात्रीसारखं गोल.

त्यांनी एक गोणपाट घडी करून जमिनीवर ठेवलं, त्यावर टोक टेकवलं आणि हलका भार दिला. पातं वाकलं. हात सोडला तरी थोडं वाकलेलंच राहिलं. फिरंगीचं पातं वाकून पुन्हा सरळ होतं. त्या गुणासाठीच तर लोकांनी ते इतक्या लांबून आणवलं. मग ताईंनी मुठीच्या तोंडाशी नख लावलं. आत लाख होती. अशा तलवारींची पाती मुठीत लाखेनंच बसवतात, मूठ तापवली की पातं सुटतं. पण ही लाख तांबूस आणि चकचकीत होती. आत्ताआत्ताची.

काकांच्या पाठीमागे उभा राहून धवल हातानं खुणावत होता, 'तीच आहे' म्हणा.

"काका," ताई म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे. हे पातं दुसरं आहे."

काकांनी भिंतीला हात टेकला. "ऐकलंस?" ते बायकोला म्हणाले. "मला वेड लागलेलं नाही."

चंद्रकांताकाकूंनी तोंड फिरवलं.

३

"कुशल," धवल दात चावत म्हणाला. "दुसरं कोण?"

कुशल निकम आचोळ्यात मुलांना दांडपट्टा शिकवायचा. काकांचा लाडका. नवरात्राच्या आधी हत्यारं पुसायला तोच आला होता, आणि पट्टा तर उघडउघड घेऊनच गेला होता.

"मी उद्या सकाळी चौकीत तक्रार देतो."

"दुपारपर्यंत थांबा," ताई म्हणाल्या. "मला त्याच्याशी बोलू द्या."

काकूंनी चहा आणला. ट्रे ठेवताना उजवी बाही वर सरकली आणि मनगटापासून कोपराकडे गेलेला एक लांब, ताजा व्रण दिसला.

"हाताला काय झालं?"

"केळीचा लोंगर उतरवताना कोयता लागला." काकूंनी त्याच उजव्या हातानं बाही खाली ओढायचा प्रयत्न केला, जमलं नाही, मग डाव्यानं ओढली.

मुठीला दोरा गुंडाळलेला होता. खालचं चांदीकाम बघायला तो कापावा म्हणून ताईंनी सुरी मागितली. काकू स्वयंपाकघरात गेल्या, रिकाम्या हातानं परत आल्या. "कुठं ठेवलीय कोण जाणे," म्हणत त्यांनी दोरा दातांनी तोडला. तेवढ्यात शेजारची रोवेना डबा घेऊन आली. "काकू, भेंडी चिरून आणलीय. उद्या दुधी देते."

ताईंनी ते पाहिलं, ऐकलं. पण अंगात इतका शीण भरला होता की डोकं चालेना. त्या रिक्षात बसून आचोळ्याला निघाल्या.

कुशल इमारतीमागच्या मोकळ्या जागेत मुलींना पवित्रे शिकवत होता. दिवसभर कुरियरच्या गोदामात उभा राहून आलेला. आळ कळल्यावर त्यानं मुलींना घरी पाठवलं आणि खालीच बसला.

"मॅडम, पातं मला कशाला? चोरायचीच तर मूठ कुणी सोडेल का? सगळं काम तर मुठीवर आहे."

"पुसायला नेली होती?"

"फिरंग? नाही. माझ्या हातात दिलीच नाही. काकू म्हणाल्या, ती राहू दे. मी फक्त खांडा पुसला. तो वरच तारेनं बांधला होता, स्टुलावर चढून तसाच पुसला."

"आणि पट्टा?"

"मी मागितलाच नव्हता. काकूंनी दिला. वर म्हणाल्या, घेऊन जा, परत आणू नकोस, काकांना बोलू नकोस."

"का ते विचारलं नाहीस?"

"त्या रडत होत्या मॅडम. काय विचारणार?" त्यानं मान खाली घातली. "चौकीत नाव गेलं ना, तर उद्या एकही मुलगी इथं येणार नाही. मी खरा की खोटा, ते कोण बघणार आहे?"

४

मार्सेल लोपीस काकांच्या शाळेपासूनचा मित्र. वटारच्या टोकाला त्याचं पत्र्याचं वर्कशॉप होतं, ग्रिल आणि फाटकं बनवायचं. काकांच्या हत्यारांची डागडुजी हयातभर त्यानंच केलेली. सकाळी ताई पोचल्या तेव्हा तो एकटाच बसून पाव चहात बुडवत होता.

"सावेंची फिरंग बदललीय, म्हणून आले," ताई म्हणाल्या.

"माझ्या कानावर आलं, बाय. भालूला भास होतात."

"भास नाही. मी पाहिलं."

मार्सेलचा पाव चहात विरघळून गेला. "मी गणपतीपासून त्या घरी गेलेलो नाही," तो म्हणाला. "पण मूठ तर तीच आहे ना. तिला काही धक्का नाही. लाखेनं बसवलं म्हणजे कधीही सोडवता येतं. आजकालची पोरं अराल्डाइटचा गोंद ओततात, मूठ कायमची मेली."

ताईंनी मान वर केली. त्यांनी लाखेचं नाव काढलं नव्हतं.

मार्सेललाही ते समजलं. त्यानं कप खाली ठेवला, पत्र्याबाहेर बघत बसला.

"ज्यानं हे केलं," ताई सावकाश म्हणाल्या, "त्याला ते पातं पुन्हा मुठीत घालायचं होतं. म्हणून लाख. चोर एवढी काळजी करत नाही."

"मी काही सांगणार नाही, बाय. शब्द दिलाय."

"कुणाला?"

"तेच तर सांगणार नाही."

बाहेर पडल्यावर ताई एका चर्चच्या भिंतीच्या सावलीत बसल्या. गुडघे ठणकत होते. त्यांनी डोळे मिटले आणि मनातल्या मनात सावेंच्या घरातून पुन्हा एकदा फिरून आल्या. भिंतीवरची तलवार म्यानातून निघत नाही. खांडा तारेनं बांधलेला. पट्टा घराबाहेर. फिरंगीला धार नाही, टोक नाही. स्वयंपाकघरात सुरी सापडत नाही आणि भेंडी शेजारून चिरून येते.

इतका वेळ त्या एकच विचारत होत्या, जुनं पातं कुणाला हवं होतं? पण कुणालाच नको असलं तर? या घरात कुणीतरी हळूहळू, एकेक करून, धार असलेली प्रत्येक वस्तू नाहीशी करत होतं.

त्या उठल्या. धवल चौकीत जाण्याआधी पोचायला हवं होतं.

५

चंद्रकांताकाकू वाडीत तगरीच्या कळ्या खुडत होत्या. ताई शेजारी उभ्या राहिल्या आणि त्याही खुडू लागल्या.

"काकू, तुम्ही कामाला उजवा हात वापरता."

"हो की."

"मग कोयताही त्याच हातात असणार. निसटलेला कोयता डाव्या हाताला लागतो, नाहीतर पायाला. तुमचा व्रण उजव्या हातावर आहे, बाहेरच्या बाजूनं. वरून येणारा घाव अडवायला माणूस हात असा वर करतो, तेव्हा तिथं लागतो."

काकूंच्या हातातल्या कळ्या परडीत पडायच्या थांबल्या.

"वाटेत धवलचा फोन आला, त्यानं कुशलला बोलावलंय," ताई म्हणाल्या. "कबूल कर, नाहीतर चौकीत चल, असं सांगून. मला काही उघड करायचं नाही, काकू. पण तो पोरगा फुकट जाईल."

काकू बांधावर बसल्या.

"श्रावणातली गोष्ट," त्या म्हणाल्या. "दुपारची वेळ. मी त्यांच्या कपाटात कपडे लावत होते. मागून म्हणाले, कोण तू? माझ्या घरात काय करतेस? मला वाटलं, थट्टा करतायत. वळून बघते तर फिरंग हातात. मी हात वर केला म्हणून वाचले." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "मग खाली बसले. आणि जरा वेळानं मलाच विचारतात, चंद्रा, हाताला काय लागलं तुला? स्वतः हळद आणली. स्वतः बांधलं. मी म्हटलं, कोयता लागला."

"धवलला का नाही सांगितलंत?"

"एकदा हे चालत कळंबच्या समुद्रावर गेले होते. कोळ्यांनी आणून सोडलं. तेव्हाच धवल म्हणाला होता, आई, आणखी एकदा असं झालं तर मी त्यांना आश्रमात ठेवणार. यांनी आयुष्यात ही वाडी सोडून कुठं रात्र काढली नाही हो. तिथं मरतील." त्यांनी बाही खाली ओढली. "मार्सेलभाऊंना सांगितलं. त्यांनी नवं पातं घडवलं, जुनं त्यांच्याकडे आहे. तलवारीच्या म्यानात लाख ओतली. यांना काही कळत नाही असं मी धरून चालले होते. पण यांच्या हाताला कळलं. मी रोज यांचं ऐकत होते, 'पातं बदललंय', आणि रोज म्हणत होते, तुम्हाला भास होतोय. बायकोनं नवऱ्याला वेडा ठरवायचं, आणि तो तर खरं बोलतोय."

घराकडून धवलचा चढलेला आवाज आला. कुशल पोचला होता.

काकूंनी परडी उचलली. "चला," त्या म्हणाल्या. "मीच बोलते."

६

ओट्यावर धवल उभा होता, कुशल पायरीवर. मार्सेलही आला होता. ताई निघून गेल्यावर त्याला वर्कशॉपमध्ये बसवेना. काका नेहमीच्या जागी, मांडीवर म्यान.

"याला सोड," काकू धवलला म्हणाल्या. "पातं मी बदललं."

मग सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही की रडल्या नाहीत. बाजारातून काय काय आणलं ते सांगावं तसं सांगितलं. धवल मध्येच खाली बसला.

बोलणं संपल्यावर सगळ्यांच्या आधी काका बोलले.

"कुठला हात?"

काकूंनी बाही वर केली. काकांनी तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. व्रणावरून बोट फिरवत राहिले, बराच वेळ.

"हे मी?"

"तुम्ही तेव्हा तुम्ही नव्हता."

"मला काहीच कसं आठवत नाही गं?" त्यांनी मार्सेलकडे पाहिलं. "आणि तू? तू पण बोलला नाहीस?"

"वैनींना शब्द दिला होता, भालू," मार्सेल म्हणाला. "तुझं पातं सुखरूप आहे. तेल लावून ठेवलंय. दर रविवारी चर्चमध्ये मिस्साला जायच्या आधी बघतो."

"घरात आणू नकोस ते." काकांनी म्यान मांडीवरून उचलून ताईंपुढे धरलं. "तुम्ही घेऊन जा हो सगळं. तुमच्या त्या काचेच्या कपाटात ठेवा. माझ्यापासून लांब." ताईंनी म्यान घेतलं. मग काका पायरीकडे वळले. "कुशल, तुला चोर म्हणाले का रे?"

"म्हणाले, काका."

"कोण?"

"मी म्हणालो," धवल म्हणाला. तो उठून कुशलजवळ गेला. त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. कुशलनं तो हात झटकला नाही, पण त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"माझ्या वर्गातल्या पोरींच्या आईबापांना तुम्ही स्वतः येऊन सांगा," तो म्हणाला. "काल तुम्ही दोघांना फोन केलेत, मला कळलंय."

"येतो. आज संध्याकाळीच येतो."

"आज संध्याकाळी तू कुठं जाणार नाहीस," काकू म्हणाल्या.

धवलनं वळून पाहिलं. "आई, पण आता यांना इथं कसं ठेवायचं? तुझा जीव गेला असता. मी म्हणत होतो तेच..."

"तू आठवडाभर इथं राहा. दिवसा आणि रात्रीसुद्धा. यांना उठव, आंघोळ घाल, यांच्यामागून वाडीत हिंड. त्यानंतर काय बोलायचं ते बोल, मी ऐकीन." त्यांनी परडी त्याच्या हातात दिली. "कुशलकडे उद्या जा, तेव्हा रोवेना बसेल इथं. आत्ता मी जरा पडते."

त्या आत गेल्या. दार नुसतं लोटून घेतल्याचा आवाज आला.

फुलांची परडी घेऊन धवल तसाच उभा. थोड्या वेळानं त्यानं फोन काढला आणि ऑफिसला कळवलं की या आठवड्यात येत नाही. कारण विचारलं असावं. "घरचं आहे," तो म्हणाला आणि फोन ठेवला. मार्सेल कुशलला म्हणाला, "चल, तुला नाक्यापर्यंत सोडतो." दोघं स्कूटरवरून गेले.

ताईही निघायला उठल्या. तेवढ्यात आतून एक घरघर ऐकू आली. आधी बारीक, मग जोरात, करवतीसारखी.

"हे काय?" धवल दचकला. "पंप चालू राहिला का?"

"तुझी आई," काका म्हणाले. "घोरते. लग्नापासून घोरते ती. मध्ये कित्येक दिवस बंद होतं."

धवल दाराकडे बघत राहिला. मग काकांनी तोंडावर बोट ठेवून त्याला बसायची खूण केली, आणि तो बापाशेजारी बसला.

ताईंनी चपला पायात घातल्या नाहीत. हातात घेतल्या आणि आवाज न करता पायऱ्या उतरल्या.